सावडीतली सांगणारी

हल्ली अधूनमधून रविवारी सकाळी माझ्या परसात बोईसरची आठ-दहा तरुण पोरं येतात. कोणी कारखान्यात इंजिनियर, कोणी बँकेत, एक मुलगी दातांची डॉक्टर. डोक्यावर टोप्या, हातात रबरी मोजे. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा ग्रुप आहे. दर रविवारी कुणा एकाच्या दारी सगळ्यांनी जायचं, खड्डे खणायचे, पालापाचोळ्याचं आच्छादन घालायचं, मोरीचं पाणी केळीकडे वळवायचं, आणि ज्याचं घर त्याने सगळ्यांना पोहे द्यायचे. ते याला पर्माकल्चर म्हणतात. दातांच्या डॉक्टरणीने मला तो शब्द दोनदा समजावून सांगितला, अगदी प्रेमाने, जरा मोठ्या आवाजात, मला कमी ऐकू येतं असं समजून. मी शहाण्यासारखं सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "बाळ, आम्ही याला सावड म्हणायचो." तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे काकू, तुम्ही हे आधीपासून करत होतात?" करत होतो म्हणजे काय, एकदा तर अख्खं परस मारून टाकलं होतं मी. तिला वाटलं, काकू चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. माझ्या मोठं होण्याची गोष्ट कुणी विचारली तर ती शाळेत घडली नाही, कॉलेजात नाही, लग्नात तर नाहीच नाही. ती त्या परसात घडली, मी एकोणीस वर्षांची असताना, आणि म्हणून तिला इथे एक अख्खं प्रकरण देते आहे.

आमचं घर पाम गावात. पुढे रस्ता, मागे परस, परसाच्या टोकाला विहीर आणि विहिरीपलीकडे सात नारळ. वारा पश्चिमेचा असला की समुद्राचा आणि सुक्या मासळीचा वास यायचा, पूर्वेचा असला की कारखान्यांचा. आई वाऱ्यावरून ठरवायची की आज कपडे बाहेर वाळत घालायचे की पडवीत. सकाळी कुंभवलीकडून भोंगा व्हायचा, मग सायकलींच्या घंटा, मग कामाला जाणाऱ्या माणसांचं हिंदी, मराठी, गुजराती सगळं एकत्र कालवलेलं बोलणं. त्यात आमच्या घरातले आवाज म्हणजे विहिरीच्या रहाटाची कुरकुर, आईच्या हाताखाली तांदळाची भाकरी थापली जात असल्याचा थपथप आवाज, आणि माझं बोलणं. माझं बोलणं जास्त. दादा, म्हणजे माझे वडील, घरात जवळजवळ बोलायचेच नाहीत. ते कुंभवलीला एका कारखान्यात पाइप फिटर होते. शिफ्टवरून आले की हातपाय धुऊन मागच्या दारात उंबऱ्यावर बसायचे, चहाचा पेला दोन्ही हातांत धरायचे आणि परसाकडे बघत राहायचे. मला वाटायचं, ते नुसते थकलेले आहेत. त्या वयात आईबापांबद्दल जे जे मला वाटायचं, त्यातलं निम्मं चुकीचं होतं.

आई केळव्याच्या बाजूची. तिच्या माहेरी पानवेली होत्या, त्यामुळे ओल कुठे धरते आणि कुठे सुटते हे तिला पायांना कळायचं. पण परसात तिचं एकटीचं किती चालणार? म्हणून सावड. आमच्या सावडीत सहा घरं होती. शेजारचे पांडूकाका, त्यांच्या पलीकडची दोन घरं, आम्ही, समुद्रकाठच्या दांडीची हिरामावशी आणि बोईसरच्या पूर्वेला डोंगराकडच्या पाड्यावरची सोमीबाय. हिरामावशी आमच्याकडे मासळी घालायची आणि आईची जिवाभावाची मैत्रीण होती. सोमीबाय आणि तिचा नवरा उतारावरच्या पावसाच्या शेतात भात-नाचणी करायचे, आणि ते घरात आलं की वीटभट्टीवर निघून जायचे. जायच्या आधी ती आमच्या सावडीला यायची, आणि पावसाच्या तोंडावर ती परतली की आम्ही तिच्या शेताला दगडाचे बांध घालायला जायचो. हिरामावशीच्या वाळूतल्या अंगणात शेवगा आणि नारळ लावायला आम्ही जायचो. असं सगळ्यांचं सगळ्यांकडे.

सावडीचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण ते मोडायची कुणाची छाती नव्हती. वर्षाला एका घराला एकच दिवस. हत्यार ज्याचं त्याने आणायचं. जेवण ज्याच्या घरी काम त्याचं. आणि सगळ्यांत मोठा नियम हा की ज्या घरी काम, त्या घरातलं एक माणूस त्या दिवशीचं सांगणारं. त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी करायचं, मग ते वयाने केवढंही लहान असो. वाद घालायचा तर दुसऱ्या दिवशी. हा नियम का झाला त्याची गोष्ट पांडूकाका दर वर्षी सांगायचे. त्यांच्या आजोबांच्या वेळी म्हणे दोन भावांनी दोन तऱ्हा सांगितल्या, आणि संध्याकाळपर्यंत एकच चर दोनदा खणून दोनदा बुजवला गेला. आम्ही दर वर्षी तितकंच हसायचो.

त्या वर्षी भाद्रपदात दादांनी एकदा जेवताना सांगितलं की परसात चार खोल्यांची चाळ बांधायची. कुंभवलीत काम करणाऱ्या माणसांना राहायला जागा मिळत नव्हती, गावात ज्याच्या त्याच्या दारी अशा चाळी उठत होत्या, आणि भाडं घरबसल्या येत होतं. दादा म्हणाले, "माझी छाती आता वाफेत टिकायची नाय. खोल्या झाल्या की मी काम सोडीन." त्यांची बाजू खोटी नव्हती. रोज सकाळी त्यांचा खोकला आम्ही ऐकत होतो. आईने भाताचा घास खाली ठेवला. परस गेलं तर तिच्याकडे चूल सोडून स्वतःचं म्हणावं असं काहीच उरत नव्हतं. ती रडली नाही, भांडली नाही, एवढंच म्हणाली, "रोजचं कालवण परसातून निघालं, बाजाराला जावं लागलं नाही, तर?" दादा म्हणाले, "संक्रांतीपर्यंत बघू. निघालं तर परस राहील. नाय तर बाळू गवंड्याला बोलावतो." आमच्या घरात यापेक्षा मोठा करार झालेला मला आठवत नाही.

आणि त्या वर्षीची सांगणारी म्हणून आईने माझं नाव घेतलं. मी बारावी पास झाले होते. त्या काळी आमच्या आळीत ती काही लहान गोष्ट नव्हती, आणि जिथे होती तिथे मी ती मोठी करून सांगत होते. वाचनालयातून शेतीवरची दोन पुस्तकं आणली होती आणि आलेखाच्या कागदावर अख्ख्या परसाचा नकाशा काढला होता. मोरीपाशी केळीचं गोल आळं, त्याच्या पोटात पपई, मधल्या वाफ्यांत वांगी, मिरची आणि लाल माठ, कडेने वालाचे वेल, तोंडलीचा मांडव. आजच्या पोरांना मी तो नकाशा दाखवला असता तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. खरंच चांगला होता. आजही मला त्यात फारसं चुकलेलं दिसत नाही, आणि मी स्वतःचं कौतुक करायला कचरणाऱ्यांतली नाही.

दिवाळी झाल्यावर सावडीचा दिवस ठरला. सकाळपासून चुलीवर उकडहंडी चढली होती. कोनफळ, राताळी, वालपापडी, शेंगा, सगळं हिरव्या वाटणात घोळून मडक्यात भरलेलं, आणि त्याचा वास रस्त्यापर्यंत पोचत होता. रस्त्याने जाणारा एक कामगार कुंपणाशी थांबून म्हणाला, "क्या बन रहा है, भाभी?" आई म्हणाली, "बगीचा." तो वास घेत म्हणाला, "मैं तो खाने का पूछ रहा था." सगळे हसले आणि कामाला अशी छान सुरुवात झाली. पांडूकाकांनी कुदळ धरली, सोमीबाय पाटीतून पातेरा, म्हणजे वाळका पाला, आणून खड्ड्यांत दाबत होती, आणि मी नकाशा हातात घेऊन मधोमध उभी होते. तेवढ्यात हिरामावशी टेंपोतून उतरली. तिच्याबरोबर चार पाट्या होत्या. मासळी खारवायच्या टाक्या साफ केल्या होत्या, त्यांच्या तळचा गाळ आणि चुरा. पाट्या खाली ठेवत ती म्हणाली, "नारलाला आनलंय गो." आणि पाणी प्यायला विहिरीकडे गेली.

समुद्राकाठच्या कुठल्याही माणसाला हे माहीत असतं की नारळाच्या बुंध्यात खारी मासळी गाडतात. मलाही माहीत होतं. पण मी पुस्तकात वाचलं होतं की मासळीचं खत म्हणजे सोनं, आणि सोनं फक्त नारळाला का घालायचं? नारळाला चालतं तर केळीला का नाही? मिरचीने काय घोडं मारलंय? मी फर्मान काढलं की प्रत्येक खड्ड्यात पातेऱ्याखाली चार-चार ओंजळी, आणि वाफ्यांत सगळीकडे पसरून. पांडूकाकांनी कुदळ टेकवून मिशा खाजवल्या. सोमीबाय खड्ड्यात हात घालून तशीच थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. हिरामावशी विहिरीकडून लगबगीने आली. "विजू, अगो ते..."

"मावशी, आज मी सांगणार," मी म्हटलं.

सगळे हसले. मावशीही हसली, पदर खोचला, आणि खाली बसून तिने स्वतःच्या हातांनी तो गाळ माझ्या वाफ्यांत कालवला. आईसुद्धा काही बोलली नाही. ती चुलीपाशी होती, तिने पाहिलं नाही असं ती नंतर म्हणाली, पण मला अजून वाटतं की तिने पाहिलं होतं. दुपारी आम्ही पंधरा माणसं पडवीत पंगतीला बसलो, उकडहंडी पुरून उरली, आणि संध्याकाळी ओल्या मातीवर रोपं उभी होती. दादा शिफ्टवरून आले, उंबऱ्यावर बसले, आणि पेला हातात घेऊन नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. मला वाटलं, जिंकले.

चौथ्या दिवशी मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या. मी म्हटलं, ऊन. सहाव्या दिवशी पपईने माना टाकल्या, मी म्हटलं, पाणी कमी पडलं, आणि दुप्पट पाणी ओतलं. दहाव्या दिवशी केळीच्या मुनव्यांची, म्हणजे लावलेल्या पिलांची, पानं शेंड्यापासून तपकिरी झाली, वांगी सगळी गेली, आणि वाफ्यांच्या कडेला मातीवर पांढरी साय धरली. त्याच सकाळी सोमीबाय वीटभट्टीवर जाण्याआधी आईला भेटायला आली होती. ती वाफ्याशी उकिडवी बसली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. "खारट हाय," ती म्हणाली. "मीठ लागलंय सगळ्याला. त्या मासळीचा."

"तुला तेव्हाच कळलं होतं?" मी विचारलं.

"कळला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगनारीनं इचारला नाय, तर आमी कसा बोलाचा? तुमचाच रिवाज हाय."

मला इतका संताप आला की मी तिच्यावर ओरडले. माझ्या दुप्पट वयाच्या बाईवर, जिने दिवसभर माझ्यासाठी पातेरा वाहिला होता तिच्यावर. दहा दिवस झोपली होतीस काय, असं काहीतरी बोलले. लिहितानाही कानशिलं तापतात. ती उठली, हात झटकले आणि एवढंच म्हणाली, "आमच्या पाड्यावर सांगनारा आधी इचारतो, मंग सांगतो." आणि निघून गेली. आई दारात उभी होती. मला वाटलं ती परसासाठी रडेल, पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "जिने माती चाखून सांगितलं, तिच्यावर ओरडलीस." मग ती आत गेली. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि कुणी जेव म्हणून आग्रहही केला नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं.

दादांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते उंबऱ्यावर बसून रोज बघत होतेच. दोन दिवसांनी ते म्हणाले, "संक्रांतीपर्यंत थांबून काय उपेग नाय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बाळू मोजायला येईल." आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मी भांडले असते. भांडणात मी चांगली आहे.

तर आता माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. परस वाचवायचं तर माती बदलायला हवी, आणि ते एकट्या-दुकट्याचं काम नव्हतं. त्याला सावड हवी. पण एका घराला एकच दिवस, आणि आमचा दिवस मी खाऱ्या मासळीत घालवला होता. मी ठरवलं की सावडीतल्यांच्या दारी जायचं. जिथे जाईन तिथे तोंडाने काही मागायचं नाही, आधी कामाला हात लावायचा. पहिली एस.टी. धरून सोमीबायच्या पाड्यावर गेले. ती भट्टीवर जायची तयारी करत होती, अंगणात बोचकी बांधलेली होती. मी म्हटलं, "सोमीबाय, माझं चुकलं." तिने हं म्हटलं. मी विचारलं, काय काम आहे? ती म्हणाली, शेताचा खालचा बांध फुटलाय, तो राहिलाय. दोन दिवस मी दगड वाहिले. पहिल्या दिवशी मला तीन वेळा वाटलं की हा दगड इथे नको, तिथे हवा, आणि तिन्ही वेळा मी तोंड मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा मला म्हणाला, "काय दिसतं गो तुला?" मी चपापले. त्यांच्याकडे खरंच विचारतात. मी सांगितलं. तीनपैकी दोन गोष्टी चुकीच्या निघाल्या आणि एक त्याने केली. सोमीबायने भट्टीवर जाणं आठवडाभर पुढे ढकललं, मला सांगितलंही नाही. मला ते नंतर कळलं.

मग दांडी. हिरामावशीकडे बोंबील वाळत घालायचे दिवस होते. ओल्या बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून दोरीवर टाकत मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती आधी मनमुराद हसली आणि मग तिचे डोळे भरले. "मना दिसत होतं गो. मी माझ्या हातानं कालवलं. रात्रभर मना वाटत होतं, उठून जाऊन सांगू. पन तू बोलली, आज मी सांगनार. मंग मी काय बोलू?" मी म्हटलं, "मावशी, मला थोबाडीत मारायची होतीस." ती म्हणाली, "ते आता मारते," आणि बोंबलाच्या हाताने माझ्या गालावर एक हलकी चापट मारली. गालाला दोन दिवस वास येत होता.

पांडूकाका मात्र हटून बसले. त्यांच्या वाडीत चार दिवस मी चिकूची आळी केली, पालापाचोळा ओढला, काकूंबरोबर तांदूळ निवडले, आणि तरीही ते म्हणाले, "एका घराला एकच दिवस. आज तुला दुसरा दिला तर उद्या सगळेच चुका करून येतील."

"येऊ देत काका. त्यांच्याकडे मी जाईन," मी म्हटलं.

"तुझ्या जिभेला हाड नाय," ते म्हणाले. पण नाही म्हणायचं तेवढं सोडून सगळं म्हणून झाल्यावर ते गप्प झाले, आणि मी तो होकार धरला. माझी ती सवय अजून गेलेली नाही.

रविवार उजाडला. मी मुद्दाम तोच रविवार मागितला होता, ज्या दिवशी गवंडी यायचा होता. मोजमाप पडायच्या आत माती हलवायची होती. सगळे आले. पांडूकाका सगळ्यांत शेवटी, कुदळ खांद्यावर टाकून, "मी नुसता बघायला आलोय" असं म्हणत. माझ्या हातात या वेळी नकाशा नव्हता. मी परसाच्या मधोमध उभी राहिले, आणि आजवर भाषणस्पर्धेतसुद्धा जी कधी वाटली नव्हती ती भीती मला वाटली. मी म्हटलं, "आज सांगायच्या आधी मी विचारणार आहे. तुम्हाला काय दिसतं?"

कुणी बोललं नाही. सवयच नव्हती. सांगणाऱ्याने विचारायचं म्हणजे काय, याचा त्यांना उलगडा होईना. एक काकू हसल्या आणि पदराने तोंड झाकलं. मी तशीच उभी राहिले. गप्प उभं राहणं हे त्या दिवसापर्यंत मी कधी केलेलं काम नव्हतं. शेवटी सोमीबाय म्हणाली, "वरची माती काढा. खालची धुवायला लागंल." हिरामावशी म्हणाली, "काढलेली नारलांत टाका, त्यांना खार लागतो." मग पांडूकाका न राहवून म्हणाले, "धुवाल खरं, पन ते धुतलेलं पानी जाईल कुठं? या परसाचं सगळं पानी स्वयंपाकघराच्या भिंतीशी तुंबतं. खारं पानी भिंतीत मुरवाल." ते खरं होतं. काय करावं ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच वेळी बाळू गवंडी आला. हातात टेप, खांद्यावर पाणी भरलेली पारदर्शक नळी, जी घेऊन गवंडी दोन टोकांची पातळी जुळवतात. तो मागच्या दारात दादांपाशी जाऊन उभा राहिला. दादा शिफ्टवरून नुकतेच आले होते, उंबऱ्यावर होते, हातात पेला. मला वाटलं, संपलं. आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि उभी राहिली. मी दादांकडे पाहिलं. त्यांना विचारावं की नाही, हे मला कळेना. ते सावडीत कधी नसायचे, त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं, आणि परस मोडायचं म्हणणारे तर तेच होते. पण मी सगळ्यांना विचारणार म्हटलं होतं.

"दादा," मी म्हटलं, "तुम्हाला काय दिसतं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "पानी भिंतीशी येतं, कारन मधे ती दगडाची जुनी पाळ हाय," ते म्हणाले. "पाळ वर हाय आनि विहिरीची बाजू खाली. हे तुमाला दिसत नाय, कारन गवत हाय. पावसात इथं बसून मी बघतो. पहिली सर येते तेवा पानी आधी विहिरीकडं पळतं, मंग पाळीला आपटून मागं येतं." ते उठले. खोकला आला, तो थांबेपर्यंत उभे राहिले, आणि चालत परसात आले. "पाळ फोडली आनि इथनं, केळीच्या कडेनं, तिरका चर काढला, तर धुतलेलं सगळं पानी आपसूक नारळांत जाईल. बादल्या वाहायच्या नाय. उतार एवढाच पाहिजे, बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त नाय, नाय तर माती पन घेऊन जाईल." माझ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून सलग इतकी वाक्यं ऐकली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्याच्या कारखान्यातलं पाणी कुठून कुठे न्यायचं हे बघणारा माणूस रोज आमच्या परसातलं पाणी बघत होता, आणि आम्हाला वाटत होतं तो दमलाय. मला रडू आवरेना. मी ते आवरलंही नाही.

पांडूकाका दोन पावलं चालून गेले, गवतात पायाने चाचपलं आणि म्हणाले, "पाळ हाय खरी."

"सांगनारी कोन आज?" दादांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "मंग सांग गो, कुठनं लागायचं."

मी डोळे पुसले. "विहिरीकडून," मी म्हटलं, "खालून वर खणत येऊ." दादांनी मान डोलावली, जणू एखाद्या मुकादमाचा हुकूम घ्यावा तशी, आणि मागे वळून बाळूच्या खांद्यावरची नळी काढून घेतली. एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. "पाळीवर धर. हलवू नको." दुसरं टोक घेऊन ते स्वतः नारळांकडे चालत गेले. वाटेत आईच्या बाजूने गेले, तिच्याकडे पाहिलं नाही, पण पाय जरा रेंगाळले. हिरामावशीने पाट्या ओढल्या, सोमीबाय खाली वाकून वरची खारट माती खरवडू लागली. बाळू बिचारा टेप हातात धरून मधेच उभा राहिला. कुणी त्याला बस म्हणत नव्हतं, कुणी जा म्हणत नव्हतं. शेवटी तो हाक मारून म्हणाला, "अवो दादा, मंग खोल्यांचं माप कुठनं धरू?"

दादा नारळाच्या बुंध्याशी वाकले होते. नळीतलं पाणी खालीवर होत होतं आणि ते थांबायची वाट बघत होते. त्याच्याकडे न बघताच ते म्हणाले, "खोल्या? इथनं पानी जातंय, दिसत नाय तुला?"